दारात आलेला प्रसाद

चकतीमावशीच्या घरात पाव यायचा तो मागच्या दाराने, आणि तोही फडक्यात गुंडाळून. हसू नका, खरंच! पुढच्या खोलीत तिचं काम चालायचं आणि त्या खोलीत पावाचा कण जरी दिसला तरी बाई घर डोक्यावर घ्यायची. एकदा नवरा घाईत हातात पावाचा तुकडा घेऊन त्या खोलीतून गेला, तर तिने कालवलेलं सगळं पीठ मोरीत ओतलं, भांडी उकळत्या पाण्याने धुतली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी अबोला धरला.

काम होतं चर्चसाठी चकत्या करण्याचं. मिस्साच्या वेळी फादर वेदीवर ज्या पांढऱ्या, पातळ चकत्या हातात घेतात आणि मग एकेकाला देतात, त्या. फादरांनी प्रार्थना म्हटली की कॅथलिक माणसाच्या लेखी ती चकती राहत नाही, प्रभूचं शरीर होते. तेव्हा काम काही साधं नव्हे. गव्हाचं पीठ आणि पाणी, बस्स. मीठ नाही, साखर नाही, तुपाचं बोट नाही, आणि खमीर तर नाहीच नाही. पीठ कालवून अर्ध्या तासाच्या वर ठेवायचं नाही, कारण हवेतलंच काहीतरी त्यात शिरतं आणि ते आंबायला लागतं. मग पळीभर पीठ तापलेल्या लोखंडी साच्यात ओतायचं, साचा मिटायचा, चर्र आवाज थांबला की उघडायचा. कागदासारखा पापुद्रा निघतो. तो लगेच कापला तर चुरा होतो, म्हणून रात्रभर ओल्या फडक्यांच्या कपाटात ठेवायचा आणि सकाळी नळीच्या कटरने एकेक चकती पाडायची. एकतीस वर्षं मावशीने हे केलं, आपल्या चर्चसाठी आणि आसपासच्या आणखी अकरा चर्चसाठी. तिच्या पापुद्र्याला कधी फोड आला नाही की डाग पडला नाही.

आता गंमत अशी, की त्याच रस्त्यावर, चढ संपतो तिथे, आणखी एक चर्च होतं. ऑर्थोडॉक्सांचं. खालचे लोक त्याला 'वरचं' म्हणायचे आणि वरचे लोक याला 'खालचं'. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी ही दोघं एकच होती म्हणे. मग भांडली, फुटली, आणि तेव्हापासून दोघंही छातीठोकपणे सांगतात, प्रभूने स्थापलेलं एकच खरं चर्च आहे आणि ते आमचं. भांडणाची कारणं ढीगभर, मोठमोठे ग्रंथ भरतील इतकी. मावशीला त्यातलं एकच कळलं होतं आणि तेवढं तिला पुरे होतं. वरचे लोक प्रसादाला खमीर घातलेला, फुगलेला पाव वापरतात.

"आंबवलेल्या पिठात देव उतरेल होय?" ती विचारायची. प्रश्न नव्हताच तो, निकाल होता.

"अगं, त्यांचा देव जाड, आपला पातळ," नवरा म्हणायचा. "भूक लागली की मी वर जाणार बघ."

"जा की! परत येताना इकडे फिरकू नका म्हणजे झालं."

नवरा फिटर होता, पंपाच्या कारखान्यात. साच्याची बिजागरी त्यानेच तीनदा बदलून दिली होती. धर्मावर वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण त्याने रविवारची मिस्सा कधी चुकवली नाही. मागच्या बाकावर बसायचा, प्रसाद घ्यायचा आणि परत येताना मावशीच्या कानात हळूच सांगायचा, "आज मस्त जमलीय." जणू रस्सा चाखला! मावशी त्याला कोपराने ढोसायची, पण मनातून सुखावायची.

गेल्या वर्षी फिटरची फुप्फुसं गेली. लोखंडाचा कीस इतकी वर्षं छातीत गेला, तो काही तिथे शोभेला बसला नव्हता. डॉक्टरांनी हात टेकले आणि घरी न्या म्हणाले. मागच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. फिटरची बहीण, म्हणजे मावशीच्या वन्सं, मुक्कामाला आल्या. दोघी आळीपाळीने बसायच्या. फिटरला बोलायला दम पुरत नव्हता, चार शब्द बोलला की थांबायचा.

त्या बुधवारी सकाळी तो म्हणाला, "फादरांना बोलव. प्रसाद... घेऊन... जायचंय."

एवढंच मागितलं हो त्याने. जन्मभर त्याने बायकोकडे काही मागितलं नव्हतं, शर्टाचं बटणसुद्धा स्वतः लावायचा.

आणि नेमके फादर गावात नव्हते. बिशपांच्या बैठकीला गेले होते, पाच तासांच्या वाटेवर, आणि मधे घाटातला रस्ता खचलेला. मावशीने फोन लावला. "फादर, आज नाही तर नाही. घरघर लागलीय."

 पलीकडून फादर म्हणाले, "मावशी, मी काहीतरी करतो. कोणाला तरी पाठवतो. तुम्ही त्यांच्याजवळ बसा."

मावशीने मनाशी हिशेब मांडला. नदीपलीकडच्या कॅथलिक चर्चचे म्हातारे फादर येतील, दुसरं कोण येणार? मग फोन सारखा वाजायला लागला. नातेवाईक, कारखान्यातली माणसं. प्रत्येक रिंगला फिटर दचकायचा, खोकल्याची उबळ यायची. मावशीने फोन बंद केला आणि पुढच्या खोलीत पिठाच्या डब्यावर नेऊन ठेवला.

दुपार झाली. दर थोड्या वेळाने फिटर डोळे उघडायचा. "आले?"

"येतायत. वाटेत असतील."

वन्सं औषधाच्या दुकानात गेल्या होत्या तेव्हा दाराची घंटा वाजली. एकदाच. मावशी धावली, उंबऱ्याला ठेचकाळली, दार उघडलं. दारात लांब काळा झगा, छातीपर्यंत दाढी. वरच्या चर्चचे फादर! रस्त्यात समोरून आले की मावशी ज्यांना पाहून फुटपाथ बदलायची, ते. गळ्यात कापडी पिशवी, पिशवीत चांदीची छोटी डबी.

"तुमच्या मिस्टरांसाठी प्रसाद आणलाय," ते म्हणाले.

मावशीच्या डोक्यात सणक गेली. घरात माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि हे आले आपलं गिऱ्हाईक वाढवायला! कोणी सांगितलं यांना? शेजारच्या शिंपिणीनेच तोंड वाजवलं असणार.

"काय आहे डबीत?" तिने विचारलं.

त्यांनी पिशवी सोडली, डबीचं झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरली. मावशीने पाहिलं. वाटाण्याएवढा वाळलेला तुकडा. एकतीस वर्षांची नजर ती, चष्म्याविना कळलं. तुकड्याला बारीक जाळी पडली होती.

"खमीर घातलंय."

"हो. आमच्यात तसंच असतं."

"मग नको. माझा माणूस खरा प्रसाद घेऊन जाईल, नाहीतर तसाच जाईल."

फादरांनी तोंड उघडलं, परत मिटलं. मावशीने दार लावलं आणि वर कडीही घातली. मनात म्हणाली, निभावलं बाई. ऐन वेळी निभावलं.

मागच्या खोलीतून आवाज आला, "कोण... आलं?"

"कोणी नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही पडून राहा."

त्याने मान दाराकडे वळवली ती परत फिरवली नाही. पाऊण तासाने वन्सं औषध घेऊन आल्या, तेव्हा औषधाचं काम उरलं नव्हतं. नदीपलीकडचे म्हातारे फादर आलेच नाहीत. मावशी रडली, ऊर बडवून रडली, पण त्या रडण्याला कुठेतरी आधार होता. आपण डगमगलो नाही. सैतान प्रत्यक्ष दारात येऊन उभा राहिला आणि आपण कडी घातली. असं ती वन्संना दोनदा म्हणाली. वन्संनी फक्त भावाच्या अंगावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर माणसं जमत होती, आणि मावशी पुढच्या खोलीत चकत्या पाडत बसली होती. नवऱ्याच्या मिस्साच्या चकत्या दुसऱ्या कोणी केलेल्या तिला चालणार नव्हत्या. बैठकीला गेलेले फादर पहाटे निघून लांबच्या वाटेने वळसा घालून आले होते. कपडे धुळीने भरलेले, डोळे लाल. ते सरळ आत आले, तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"मावशी, मी पोचू शकलो नाही. मला माफ करा. पण निदान तुमचे मिस्टर प्रसाद घेऊन गेले, तेवढं तरी माझ्या जिवाला समाधान आहे."

मावशीने कटर थांबवलं. "कसला प्रसाद?"

"म्हणजे? वरचे फादर आले नव्हते का?"

"आले होते की!" मावशी ताठ बसली. तिला वाटलं, आता शाबासकी मिळणार. "आले होते, डबी घेऊन. मी डबी उघडायला लावली, पाहिलं तर खमिराचा पाव! दारातूनच परत पाठवलं. तुमचं नाव राखलं मी, फादर."

फादरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले, परत बसले. 

"मावशी," शेवटी म्हणाले, "मीच पाठवलं होतं त्यांना."

मावशीने कटर खाली ठेवलं.

"नदीपलीकडचे फादर दवाखान्यात आहेत. दुसरं कोणी वेळेत पोचणार नव्हतं. मी वरच्या फादरांच्या हातापाया पडलो फोनवर. मग तुम्हाला पाच वेळा फोन केला, तुमचा बंद."

"पण खमीर..." मावशी म्हणाली. "फादर, खमीर होतं त्यात."

"असू दे ना! खमीर असो नसो, तो प्रसादच. आपलं चर्च त्यांचा प्रसाद खरा मानतं. आपल्याच नियमात लिहिलंय, माणूस मरणाच्या दारात असला, आपला फादर मिळत नसला, तर त्यांच्या हातून घ्यावा. बिनखमिराची आपली रीत आहे, मावशी. रीत!"

"रीत?"

हा एकच शब्द ती तीन-चार वेळा म्हणाली. रीत? एकतीस वर्षं ज्या खोलीत पावाचा कण येऊ दिला नाही, ती रीत? पीठ मोरीत ओतलं, नवऱ्याशी अबोला धरला, वरच्या फादरांना पाहून फुटपाथ बदलला, ते सगळं नुसत्या रीतीसाठी? तिच्या कानात दडे बसले. फादर पुढे काहीतरी बोलत होते, ते तिला ऐकूच येत नव्हतं.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की फादर पुढे वाकले. मग एकदम ओरडली, "दर रविवारी सांगायचात, एकच खरं चर्च, एकच खरं चर्च! हे का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारलं नाही," फादर म्हणाले, आणि म्हणता क्षणी त्यांनी मान खाली घातली. "खरं चर्च आपलंच, असं मी मानतो. आजही मानतो. पण देव फक्त आपल्याच दाराने येतो, असं मी कधी म्हटलं नव्हतं."

"नाही असंही म्हटलं नव्हतंत!"

बाहेरच्या बायका दारात डोकावल्या. वन्सं पुढे आल्या, मावशीच्या पाठीवर हात ठेवला. मावशीने तो झटकला. ताटातल्या चकत्या तशाच राहिल्या. त्या दिवशीच्या मिस्साला त्या वन्संनी मोजून नेऊन दिल्या. आणि मावशीने, नवऱ्याच्या शेवटच्या मिस्साला, प्रसाद घेतला नाही. सगळी रांग वेदीपाशी गेली आणि ती बाकावर बसून राहिली. लोकांना वाटलं, दुःखाने.

दुःख होतंच. पण त्याहून जास्त तिला धक्का बसला होता, आणि तो उतरेना. चालताना मधेच उभी राहायची. चुलीवरचं दूध उतू जाताना बघत बसायची. वन्सं समजावायच्या, "वहिनी, तुला काय ठाऊक होतं? तू चांगल्या मनानेच केलंस." त्या वाक्याने तर तिचा जीव आणखी जळायचा. चांगल्या मनानेच तर केलं होतं! वाईट मनाने केलं असतं तर पापाची कबुली तरी देता आली असती.

चौथ्या दिवशी तिने पायात चपला घातल्या आणि चढ चढायला लागली. वरच्या फादरांचे पाय धरायचे, माफी मागायची, एवढं ठरवून. जन्मात त्या चढाला पाय लागला नव्हता. चर्चच्या मागे त्यांचं घर. दार त्यांच्या बायकोने उघडलं. वरच्या फादरांना लग्न करायची मुभा असते, आणि त्यावरूनही मावशीने आयुष्यभर कमी नाकं मुरडली नव्हती. बाई आटोपशीर होती, हाताला पीठ लागलेलं, मनगटापर्यंत. तिने मावशीला ओळखलं, काही न बोलता आत घेतलं आणि नवऱ्याला हाक मारली.

फादर आले आणि मावशीला पाहून दारातच थांबले. घरातल्या साध्या कपड्यांत ते बरेच म्हातारे दिसत होते.

"फादर, मी चुकले," मावशी म्हणाली. वाटेत जुळवलेलं सगळं विसरली. "मला ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्या माणसासाठी एवढे उतरून आलात आणि मी तोंडावर दार लावलं. मला क्षमा करा." आणि खरोखरच वाकली.

"नका," फादर एकदम मागे सरकले. "मावशी, नका. उठा आधी. तुम्ही बसा, मला बोलू द्या."

मावशी बसली. फादर उभेच राहिले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून.

"आमच्यात आपला प्रसाद परक्या माणसाला देत नाहीत," ते म्हणाले. "तुमचे नियम देतात परवानगी, आमचे नाही देत. मीही तेच मानत आलो. खरं चर्च एकच, ते आमचं, आणि त्याचा प्रसाद खालच्या माणसाला द्यायचा म्हणजे पाप. पण तुमचे फादर फोनवर रडत होते, मला नाही म्हणता आलं नाही. चढ उतरताना पावलोपावली म्हणत होतो, देवा, मला यातून सोडव."

मावशीला अजून उमजत नव्हतं.

"तुम्ही डबीत काय आहे विचारलंत. आमच्यात ती अशी दारात उघडत नाहीत, कोणी कितीही सांगितलं तरी. मी उघडली. तुम्हाला जाळी दिसावी म्हणून उघडली. तुम्ही चकत्या करता, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. तुम्ही नाही म्हणाल, हे मला ठाऊक होतं."

फादरांची बायको दारात येऊन उभी होती. हे सगळं ती पहिल्यांदाच ऐकत असावी, कारण तिचा हात तोंडावर गेला.

"मी एवढंच सांगायला हवं होतं, की तुमच्या फादरांनी पाठवलंय. तेवढं सांगितलं असतं तर तुम्ही आत घेतलं असतंत. शब्द तोंडाशी आला होता. मी गिळला. तुम्ही कडी घातलीत आणि मी..." त्यांचा आवाज फाटला. "मी देवाचे आभार मानले, मावशी. तुमच्या दारात उभं राहून. सुटलो म्हणालो."

 स्वयंपाकघरात झाकलेलं पीठ फुगत होतं, त्याचा आंबूस वास इथपर्यंत येत होता. मावशीला आता चीड यायला हवी होती. चार दिवस ती स्वतःला खात होती आणि हा माणूस इथे वर हे घेऊन बसला होता. पण चीडही येईना. ती नुसती त्यांच्याकडे बघत होती, डोळे विस्फारून.

"मला क्षमा करा," फादर म्हणाले.

मावशीने तोंड उघडलं. क्षमा मागायला आलेल्या बाईकडे द्यायला क्षमा कुठून असणार?

"तुम्ही तुमचं चर्च सांभाळलंत," ती हळूहळू म्हणाली. "मी माझं सांभाळलं. दोघांचीही खरी. आणि मधल्या दोन हातांच्या जागेत माझा माणूस उपाशी गेला, फादर."

फादर खुर्चीत कोसळल्यासारखे बसले. त्यांची बायको रडायला लागली. मावशीला रडू येत नव्हतं. उठून जावं, हेसुद्धा तिला सुचत नव्हतं.